कागद हलू नये म्हणून

आमच्या घरी कोणी पाहुणा आला आणि सर नोकरीत नेमकं काय करायचे असं त्यानं विचारलं, की मी तोंड उघडायच्या आत आमच्या सौभाग्यवती सांगून मोकळ्या होतात, "पोरायले कागद चिकटवाले शिकवत होते." पाहुणा हसतो, मीही हसतो. पण खरं सांगायचं तर त्यांचं काही चुकत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मी आरेखक ट्रेडचा निदेशक होतो. घर, पूल, नाला, पाण्याची टाकी असं जे काही उद्या जमिनीवर उभं राहायचं, ते आज कागदावर कसं काढायचं हे शिकवणं माझं काम. आणि दर वर्षी नव्या बॅचचा पहिला धडा एकच असायचा : बोर्डावर कागद चिकटवणे.

बाहेरच्या माणसाला यात शिकवण्यासारखं काय आहे असं वाटतं. शीट ठेवली, चार कोपऱ्यांना चार पट्ट्या मारल्या, झालं. पण ड्रॉइंगचा कागद दिवसभर बोर्डावर राहतो. त्यावर टी-स्क्वेअर, म्हणजे इंग्रजी टीच्या आकाराची लांब पट्टी, वरखाली सरकते, उभ्या रेघांसाठीचा त्रिकोणी गुण्या इकडून तिकडे फिरतो, खोडरबर घासलं जातं, माणसाचा कोपर टेकतो. या सगळ्यात कागद केसाएवढा जरी सरकला, तरी सकाळी काढलेली भिंत आणि दुपारी काढलेली भिंत एकमेकींना भेटत नाहीत. म्हणजे कागद घट्ट धरायला हवा. आणि संध्याकाळी तोच कागद जराही न फाटता, डाग न पडता सुटून हातात यायलाही हवा. घट्ट धरणं आणि सहज सोडणं ही दोन्ही कामं एकाच पट्टीनं करायची असतात.

आमच्या गुरुजींच्या काळात ड्रॉइंग पिना होत्या. त्यांनी बोर्डाची चाळणी व्हायची आणि पेन्सिल नेमकी जुन्या भोकात जाऊन मोडायची. मग कागदी टेप आली. रंगारी लोक दाराच्या काचेला रंग लागू नये म्हणून लावतात, त्याच जातीची, फिकट पिवळी, हातानं फाटणारी. तिच्या गोंदाचा स्वभाव मला फार आवडतो. तो धरतो, पण हक्क सांगत नाही. पट्टी चुकली तर उचला, पुन्हा लावा, ती कुरकुर करत नाही.

अर्थात पोरं पोरंच. राळेगावकडचा एक विद्यार्थी टेप विसरला म्हणून पाकिटाला लावायची चकचकीत चिकटपट्टी लावून बसला. दिवसभर खपून त्यानं अतिशय देखणा जिना काढला आणि शेवटी पट्टी ओढली, तर कागदाची सालच निघाली, वरच्या दोन पायऱ्यांसकट. दुसऱ्यानं दवाखान्यातली जखमेची पट्टी आणली होती. ती मात्र बरी चालली, फक्त वर्गभर औषधाचा वास सुटला.

शिवाय आपल्याकडचं हवामान. उन्हाळ्यात पत्र्याखालच्या हॉलमध्ये टेपचा गोंद पातळ होतो आणि कागदावर चिकट डाग सोडतो. म्हणून टेपचं रीळ आम्ही झाकणाच्या डब्यात घालून माठाच्या सावलीत ठेवायचो. पावसाळ्यात कागद ओल पिऊन फुगतो, मधोमध पोट काढतो. मग त्याला एका कोपऱ्यातून सोडवून, तळहातानं मधून बाहेर सारून, पुन्हा बसवावं लागतं. तिरक्या रेषेत समोरासमोर येणाऱ्या दोन कोपऱ्यांना आधी, उरलेल्यांना नंतर. आणि टेप काढताना कधी वर ओढायची नाही. तिला तिच्याच पाठीवर दुमडत, कागदाकडून बाहेर, सावकाश न्यायची. हे सगळं मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा सांगितलं की झोपेतही सांगू शकेन. पण या टेपमध्ये अजून किती काही आहे, ते मला नोकरीच्या शेवटच्या टप्प्यात एका विद्यार्थिनीनं दाखवलं. हे लिहायला बसलो ते तिच्यासाठीच.

तिचं नाव कविता. आर्णीकडच्या एका बंजारा तांड्यावरची. वर्गातल्या पोरींपेक्षा वयानं बरीच मोठी, लग्न झालेली, घरी एक लहान मुलगी. नवरा आर्णीत मालवाहू ऑटो चालवायचा. सोयाबीनच्या मळणीत तिचा डावा हात मळणीयंत्रात गेला होता. कोपराच्या खाली थोडासा उरला होता, पुढे काही नाही.

प्रवेशाच्या वेळी प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी सरळ प्रश्न विचारला, की तुमच्या कामाला दोन हात लागतात, हिला कसं जमेल, तुम्हीच सांगा. आणि प्रश्न खोटा नव्हता. ड्रॉइंग काढणारा माणूस बघा. उजव्या हातात पेन्सिल असते म्हणून सगळ्यांना वाटतं की काम उजवा हात करतो. पण खरी मेहनत डाव्याची. टी-स्क्वेअरचं डोकं बोर्डाच्या कडेला दाबून धरायचं ते डाव्यानं, आणि त्याच हाताच्या बोटांनी तिच्यावर उभा केलेला गुण्याही धरून ठेवायचा. डावा ढिला पडला की उजव्याची रेघ वाकडी.

मी कवितालाच विचारलं, की संगणकाचा, शिवणाचा, दुसरा कुठलाही कोर्स सोडून हाच कशाला. तिनं सांगितलं की हात जायच्या आधी ती घरांच्या बांधकामावर विटा वाहायची. एकदा जेवणाच्या सुट्टीत मिस्त्रीनं विटांच्या ढिगावर नकाशा पसरला होता. तिनं वाकून पाहिलं, आणि ज्या खोलीत ती बसून भाकर खात होती ती खोली तिला त्या कागदावर सापडली. दार सापडलं, खिडकी सापडली. "तवापासून डोक्यातून जाऊन नाई राह्यलं सर," ती म्हणाली. "घर आधी कागदावर राह्यते, हे मले कोणी सांगितलंच नव्हतं."

मी प्राचार्यांना सांगितलं की बसू द्या, जमतं की नाही ते बोर्ड सांगेल.

पहिले काही आठवडे बोर्डानं नाहीच सांगितलं. कागद चिकटवणं तिनं लवकर आत्मसात केलं. दातानं टेपचे तुकडे तोडून ती आधीच टेबलाच्या कडेला ओळीनं लावून ठेवायची. कागद टी-स्क्वेअरला जुळवायची, एका कोपऱ्यावर पट्टी, तपासायची, चुकलं तर पट्टी उचलून पुन्हा. इतर पोरं पहिल्या फटक्यात चारी कोपरे मारून मोकळी व्हायची आणि त्यांचे कागद तिरपे बसायचे. हिचा मात्र कायम सरळ. आडव्या रेघाही जमू लागल्या, कारण टी-स्क्वेअरच्या डोक्यावर ती डाव्या हाताचा उरलेला भाग दाबून धरायची. घोडं अडलं उभ्या रेघेवर. टी-स्क्वेअर त्या हातानं धरली, पेन्सिल उजव्यात, मग गुण्या कोण धरणार? पेन्सिल टेकली की गुण्या निसटायचा.

वर्गातल्या पोरी चांगल्या होत्या. आळीपाळीनं येऊन तिचा गुण्या धरायच्या. मलाही ते बरं वाटलं. पण एक दिवस कविता माझ्या टेबलापाशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, "सर, त्यायले सांगा नं, येऊ नका म्हणा. थे बिचारी माह्यासाठी उभी राह्यते, मंग तिची शीट कोण काढन?"

तुझी कोण काढेल मग, असं मी विचारलं. ती जागेवर जाऊन बसली.

त्यानंतर मी पाहायचो, जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे घेऊन झाडाखाली जायचे आणि ही एकटी हॉलमध्ये काहीतरी करत बसायची. मी मुद्दाम जवळ गेलो नाही. माणूस स्वतःशी झगडत असताना निदेशकानं मध्ये पडू नये, एवढं मला नोकरीनं शिकवलं होतं. शेवटी तिनंच हाक मारली.

तिनं टेपचा तुकडा गोंद बाहेर येईल असा उलटा वळून त्याचं लहानसं कडं केलं होतं, आणि ते गुण्याच्या पोटाला चिकटवलं होतं. गुण्या टी-स्क्वेअरवर टेकवून तिनं वरून दाबला, हात काढला. गुण्या जागेवर उभा. तिनं पेन्सिल घेतली, वरून खाली रेघ ओढली. गुण्या हलला नाही. मग उचलला तर अलगद सुटून आला.

ते पाहून मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. मी इतकी वर्षं टेप फक्त कागदाला लावत होतो.

लगेच सगळं जमलं असंही नाही. एका कड्यावर गुण्या डुगडुगायचा, म्हणून तिनं तीन केली, तिन्ही टोकांना, बोटानं दाबून चपटी. नव्या टेपचा गोंद इतका ताजा असायचा की गुण्या उचलताना खालच्या रेघेचं शिसंच उचलून न्यायचा आणि रेघ पुसट व्हायची. मग ती पट्टी आधी ओढणीवर थापटायची, एकदा, दोनदा, बोटाच्या टोकानं चिकटपणा बघायची आणि मग लावायची. ओढणीच्या धाग्यांनी गोंदाचा जोर थोडा मारला जातो. किती मारायचा याचा अंदाज तिच्या बोटाला आला होता. पोळीची कणीक सैल की घट्ट हे बायकांना जसं बोटाला कळतं, तसा. मी करून पाहिलं, मला कधी धड जमलं नाही.

तिचा वेग मात्र कमी होता. दुसऱ्यांचा गुण्या सरकतो, हिचा प्रत्येक वेळी उचलून ठेवावा लागतो. म्हणून ती आधी पुष्कळ वेळ शीटकडे नुसती बघत बसायची, कुठल्या रेघा एकाच जागेवरून निघतील ते ठरवायची आणि मग सुरुवात करायची. त्यामुळे तिच्या शीटवर खोडाखोड जवळजवळ नसायची. मी दुसऱ्या पोरांना तिच्या शीट दाखवायचो, तर ती खाली मान घालायची.

शेवटच्या परीक्षेला बाहेरच्या जिल्ह्यातून एक परीक्षक आले. उंच, मोजकं बोलणारे, नियमाला पक्के. दोन खोल्यांच्या घराचा नकाशा, समोरचं दर्शन आणि घर उभं कापल्यावर आत दिसेल तो छेद, असा पेपर होता. निदेशकानं परीक्षेच्या वेळी प्रशिक्षणार्थ्यांशी बोलायचं नसतं, म्हणून मी दाराशी पाण्याच्या माठाजवळ उभा होतो. साहेब फिरत फिरत कविताच्या मागे येऊन थांबले. बराच वेळ थांबले. मग त्यांनी तिचा गुण्या उचलून उलटा केला.

हे काय लावलंय, असं त्यांनी विचारलं. तिनं सांगितलं. ते म्हणाले की साधनात असा बदल करायची तरतूद नाही, हे काढावं लागेल, पण तुमची अडचण मी समजतो, एक मदतनीस देतो, तो गुण्या धरेल. त्यांच्या दृष्टीनं ही मोठी सवलत होती, आणि त्यांनी ती मनापासून देऊ केली होती.

कविता उभी राहिली. हॉलमधल्या सगळ्या पेन्सिली थांबल्या होत्या. माझ्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला.

"साहेब, कागदाले टेप लावाची परवानगी हाय नं?" तिनं विचारलं. ते हो म्हणाले.

"मंग थेच टेप हाय ही. कागदाले वरून लावली, गुण्याले खालून लावली. दुसऱ्याचा हात माह्या शीटवर लागला, त थे शीट माह्यी हाय असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?"

आवाज चढला नव्हता. शेजारी गैरहजर विद्यार्थ्याचा एक बोर्ड रिकामा होता, त्यावर कागद लावलेला होता. साहेब तिथं बसले. डावा हात त्यांनी कोपरात दुमडून खांद्याला लावला, टी-स्क्वेअरवर तोच कोपर दाबला आणि माझ्याकडून साधा गुण्या मागून घेऊन उभी रेघ काढायला लागले. गुण्या निसटला. पुन्हा ठेवला, पुन्हा निसटला. मग त्यांनी कविताचा गुण्या घेतला, ठेवला, दाबला आणि रेघ ओढली. रेघ निघाली. त्यांनी गुण्या उचलून कागदाला डाग पडलाय का ते चष्मा वर करून पाहिलं.

"बसा," ते म्हणाले. "तुमचा जो वेळ माझ्यामुळे गेला, तो मी शेवटी देतो." आणि त्यांनी तो गुण्या रुमालानं पुसून तिच्या बोर्डावर ठेवला. त्या रुमालानं टेपचा उरलासुरला चिकटपणाही गेला आणि तिला नवी कडी करावी लागली, तो भाग वेगळा.

ती पहिली वगैरे आली नाही. छेदातली थोडी अक्षरं राहून गेली होती. पण उत्तीर्ण झाली, चांगल्या गुणांनी. जाताना साहेब मला म्हणाले, आमच्याकडे एक मुलगा आहे, अर्धांगाच्या झटक्यानं त्याची एक बाजू अधू झाली आहे, त्याला मी हे दाखवणार आहे. पुढं काय झालं ते मला कळलं नाही. पण ते बोलले तेव्हा तो नुसता शिष्टाचार नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

कविताला आर्णीतच एका इंजिनिअरच्या ऑफिसात काम मिळालं. तिथं सगळं संगणकावर. उंदीर फिरवायला एकच हात पुरतो, गुण्याची गरजच नाही. मला ते ऐकून आनंद झाला आणि कुठंतरी थोडं लागलंही. आमच्या संस्थेतही बोर्डावरचे तास कमी होत चालले होते, चांगली टेप यायची बंद झाली होती, येईल ती एक तर धरायची नाही किंवा सोडायची नाही. एकदा ती भेटली तेव्हा मी बोलून गेलो, की तुझी एवढी मेहनत वायाच गेली म्हणायची. तिला ते पटलं नाही.

"मशीन रेघ सरळच काढते सर," ती म्हणाली. "पण कुठून काढाची, थे तिले ठाऊक नाई. थे मले ठाऊक हाय."

मी निवृत्त झालो. मागच्या उन्हाळ्यात तिचा फोन आला. तांड्यावर तिच्या आईचं घर बांधायला काढलं होतं, नकाशा तिनं स्वतः केला होता, आखणीच्या दिवशी तुम्ही यायचंच, असा तिचा हट्ट. तिचा नवरा मला आर्णीच्या बसस्टँडवर घ्यायला आला. तांडा जवळच होता. तुरीची धसकटं उभी असलेल्या शेतांच्या कडेनं रस्ता, मग कडुनिंबाची चार झाडं, आणि त्यांच्या पलीकडे मोकळी केलेली जागा.

मिस्त्रीनं दोऱ्या ताणून चुन्याच्या पांढऱ्या रेघा आधीच टाकल्या होत्या. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, पुढं ओसरी. कविता नकाशा हातात घेऊन मिस्त्रीशी बोलत होती. तिची आई, जिला ती याडी म्हणते, झाडाखालच्या चुलीवर चहा करत होती. म्हातारी अंगानं वाळलेली, पण चालणं ताठ. ही जन्मभर कुडाच्या घरात राहिली, आणि मुलीचा हात गेला तेव्हा वर्षभर कोणाशी धड बोलली नव्हती, असं कवितानं मला पूर्वी कधीतरी सांगितलं होतं.

चहा झाल्यावर म्हातारीनं किटली उचलली आणि आमच्याकडे निघाली. आम्ही चुन्याच्या रेघांच्या आत, स्वयंपाकघराच्या जागेवर उभे होतो. ती सरळ आली असती तर दहा पावलांत पोचली असती. पण पांढऱ्या रेघेपाशी येऊन ती थबकली. तिनं रेघेकडे पाहिलं, मग वळली, आणि कडेकडेनं चालत सगळ्या घराला वळसा घालून ओसरीकडे गेली. तिथं मिस्त्रीनं दारासाठी रेघेत जागा सोडलेली होती. त्या मोकळ्या जागेतून ती आत आली, पुढच्या खोलीतून चालत स्वयंपाकघरात आली आणि किटली खाली ठेवली.

मिस्त्रीला हसू आलं. तो म्हणाला, मावशी, अजून भिंत कुठं आहे, इकडूनच यायचं होतं.

म्हातारीनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. कपात चहा ओतत ती म्हणाली, "माह्या पोरीनं भिंत काढली तिथं. भिंतीतून कोणी येते काय?"

नकाशाचा कागद कवितानं काखेत धरला आणि उजव्या हातानं आईच्या हातातली किटली घेतली. थोड्या वेळानं मिस्त्रीनं पलीकडच्या खोलीतून मला हाक मारली, एक माप दाखवायला. मी चहाचा कप घेऊन निघालो. मधली रेघ ओलांडली की झालं असतं. पण मी तसाच मागे फिरलो, पुढच्या खोलीतून ओसरीत आलो, त्या खोलीच्या दाराशी चपला काढून ठेवल्या, आणि दारातून आत गेलो.